दवंडी आणि टपाल

गांवभर बातमी पोंचविण्याचे दोन मार्ग आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. एक दवंडीचा आणि दुसरा टपालाचा. दवंडीवाला डफ वाजवीत चावडीपासून वेशीपर्यंत जाई व एका आरोळीनें शंभर घरांचें काम भागवी. ऐकणारे शंभर असोत कीं पांचशें असोत, त्याच्या घशाला श्रम तेवढेच पडत. ओसरीवर बसलेल्या सावकारास जे शब्द ऐकूं येत, तेच बांधावरच्या मजुरासहि येत, आणि त्याबद्दल कोणाला कांहीं द्यावें लागत नसे. टपालाची रीति अगदीं निराळी. तेथें प्रत्येकाचें पत्र वेगळें, पत्ता वेगळा आणि हंशीलहि वेगळें. घरें दुप्पट झालीं कीं पोस्टमनच्या खेपा वाढावयाच्याच.

दूरचित्रवाणीच्या जगांत आज जी उलथापालथ चालली आहे तिचें मर्म ह्या दोन रीतींच्या भेदांत आहे. साठ वर्षें दवंडीच्या रीतीनें चाललेलें काम आतां झपाट्यानें टपालाच्या रीतीनें होऊं लागलें आहे. हा बदल घडवून आणणारीं कारणें मुख्यतः दोन : एक, ज्याला ‘क्लाउड’ म्हणजे मेघ असें कौतुकाचें नांव मिळालें आहे तो दूरच्या संगणकांचा कारखाना, आणि दुसरें, प्रत्येकाच्या खिशांतला मोबाइल. ह्या बदलानें काय मिळालें, आणि गाफील राहिल्यास काय हातचें जाईल, ह्याचा विचार प्रत्येक सुजाण गृहस्थानें करावयास हवा.

भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस एक प्रयोग म्हणून झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलीं चित्रें चाळींतल्या गच्च्यांवर उभारलेल्या काटेरी दांड्यांवर उतरूं लागलीं, आणि पुढें सिंहगडावरहि असाच मनोरा उभा राहिला. १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैअखेरपर्यंत तर एक विलक्षण प्रयोग झाला. अमेरिकेनें वापरावयास दिलेल्या एका उपग्रहाच्या साहाय्यानें आपल्या शास्त्रज्ञांनीं ६ राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत चित्रवाणी नेली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या त्यासाठीं उभारल्या होत्या. शाळेच्या किंवा चावडीच्या पुढें एक संच मांडावयाचा व साऱ्या गांवानें समोर बसून शेती, आरोग्य आणि मुलांचें शिक्षण ह्यांविषयींचे कार्यक्रम पाहावयाचे, अशी ती योजना होती. पुढें १९८२ सालीं रंग आले. १९९१ नंतर परदेशी व खाजगी वाहिन्यांचा पूर लोटला, आणि गल्लोगल्लीं केबलच्या तारा लोंबूं लागल्या. तथापि एक गोष्ट ह्या सर्व काळांत बदलली नव्हती. मनोरा असो, उपग्रह असो, दवंडी ती दवंडीच होती. आरोळ्या अनेक झाल्या, परंतु प्रत्येक आरोळी सर्वांसाठीं एकच होती.

आतां हा मेघ म्हणजे काय तें पाहूं जातां, आकाशाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं असें आढळतें. तो अगदीं जमिनीवर आहे. नव्या मुंबईंत ऐरोली, महापे ह्या बाजूंना ज्या मोठमोठ्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांत रात्रंदिवस वीज पिऊन चालणारे हजारों संगणक रांगेनें मांडलेले असतात, आणि त्यांना थंड ठेवण्यासाठीं मोठीं शीतयंत्रें अहोरात्र घरघरत असतात. समुद्राच्या तळावरून आलेल्या तारा त्यांना साऱ्या जगाशीं जोडतात. ज्याला संगणकाचें काम आहे त्यानें संगणक विकत न घेतां ह्या इमारतींतील यंत्रें तासाच्या हिशेबानें भाड्यानें घ्यावींत, काम संपतांच सोडून द्यावींत, एवढाच मेघाचा अर्थ आहे. लग्नसराईंत मांडव भाड्यानें आणतात व वऱ्हाड परतलें कीं उतरवितात, तसाच हा व्यवहार.

चित्रवाणीच्या धंद्याला ह्या मांडवाची सोय फार मोलाची ठरली. पूर्वीं एखादी वाहिनी चालवावयाची म्हणजे फितींचें मोठें भांडार, फिती चालविणारीं यंत्रें, पाळीपाळीनें डोळ्यांत तेल घालून बसणारे तंत्रज्ञ, आणि उपग्रहाकडे तोंड केलेली अवाढव्य छत्री एवढा संसार मांडावा लागे. आतां कार्यक्रम संगणकांतील नोंदींच्या रूपानें दूरच्या मेघगृहांत ठेवतां येतात. कोणता कार्यक्रम केव्हां लागावा, जाहिरात कोठें बसावी, मथळा कोणता फिरावा, हें सारें आज्ञावलीच करते, आणि तिच्यावर नजर ठेवणारा मनुष्य दुसऱ्या शहरांत बसला तरी चालतो. एखाद्या क्रीडामहोत्सवापुरती वाहिनी थोड्या दिवसांत उभी करून, उत्सव सरतांच मोडून टाकतां येते. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकच्या वेळीं खेळांचीं चित्रें उपग्रहानें प्रथम समुद्रापार गेलीं. बरोबर ६० वर्षांनीं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत, देशोदेशींच्या प्रसारकांना चित्रें पोंचविण्याच्या कामीं मेघानें उपग्रहास मागें टाकलें. एवढ्या एका गोष्टीवरून काळ कोणत्या दिशेस वळला आहे हें कळून येईल.

नेटफ्लिक्स ह्या अमेरिकन कंपनीची कथाहि ह्या बाबतींत बोधप्रद आहे. २००८ सालीं ही कंपनी मुख्यतः चित्रपटांच्या तबकड्या टपालानें घरोघर धाडीत असे. त्या वर्षीं तिच्या स्वतःच्या संगणकगृहांत मोठा बिघाड झाला, आणि तीन दिवस एकहि तबकडी रवाना होऊं शकली नाहीं. तेव्हां स्वतःचीं यंत्रें सांभाळीत बसण्यापेक्षां मेघाचा आश्रय करावा असें तिनें ठरविलें, व हें स्थलांतर २०१६ च्या जानेवारींत पुरें झालें. त्याच महिन्यांत ती भारतासह सुमारे १३० नव्या देशांत एकदम जाऊन पोंचली. स्वतःचा एकहि मनोरा नसलेला प्रसारक एका दिवसांत अर्ध्या जगाच्या घरांत शिरूं शकतो, हें त्या दिवशीं सर्वांना कळून चुकलें.

मेघानें असा धंद्याचा एक टोंक बदलला, तर मोबाइलनें दुसरा. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा भारतांत सुरू झाली आणि इतर कंपन्यांनाहि आपले दर उतरवावे लागले. ज्या प्रमाणांतल्या इंटरनेटसाठीं पूर्वीं शेंकडों रुपये मोजावे लागत, तें कांहीं रुपयांवर येऊन ठेपलें. हॉटस्टार ही सेवा आदल्याच वर्षीं, २०१५ सालीं निघाली होती. क्रिकेटनें तिला उचलून धरलें. जुलै २०१९ मध्यें भारत व न्यूझीलंड ह्यांच्यामधील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याच्या वेळीं तिच्यावर एकाच क्षणीं २ कोटि ५३ लक्ष प्रेक्षक होते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्याच्या वेळीं हा आंकडा ५ कोटि ९० लक्षांवर गेला.

पैशाचा ओघहि त्याच दिशेनें वळला. जून २०२२ मध्यें इंडियन प्रीमियर लीगच्या पुढील पांच वर्षांच्या प्रक्षेपणाचा लिलाव झाला. त्यांत भारतीय उपखंडांतील चित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटि रुपयांस गेले, आणि इंटरनेटवरील हक्क त्याहूनहि थोडे अधिक, म्हणजे सुमारे २३,७५८ कोटि रुपयांस गेले. थोरल्या भावाचा वाटा धाकट्यानें मागें टाकावा तसें हें झालें. २०२४ सालीं तर भारतांतील साऱ्या माध्यमव्यवसायाच्या उत्पन्नांत डिजिटल माध्यमें दूरचित्रवाणीच्या पुढें गेलीं, असें त्या व्यवसायाचे वार्षिक हिशेब सांगतात. ज्या दोन कंपन्या क्रिकेटसाठीं एकमेकींशीं झुंजल्या, त्यांचा व्यवसाय पुढें एक झाला, व त्यांतून फेब्रुवारी २०२५ मध्यें जिओहॉटस्टार ही एकच सेवा निर्माण झाली.

येथें दवंडी आणि टपाल ह्यांचा भेद पुन्हां ध्यानांत घ्यावा. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी लाख घरांनीं घेतल्या काय किंवा कोटि घरांनीं घेतल्या काय, मनोऱ्याचा खर्च वाढत नाहीं. मोबाइलवर मात्र ५ कोटि ९० लक्ष प्रेक्षक म्हणजे ५ कोटि ९० लक्ष निरनिराळीं पत्रें. चालू सामन्याच्या चित्राचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडले जातात; प्रत्येक तुकड्याच्या ठळक, मध्यम व पुसट अशा प्रती तयार होतात; त्या शहरोशहरींच्या साठ्यांत ठेवल्या जातात; आणि प्रत्येक मोबाइल आपल्या वाटेची रुंदी पाहून त्यांतली झेपेल ती प्रत मागून घेतो. हें सर्व होईपर्यंत खेळाडू पुढच्या चेंडूस सज्ज झालेला असतो. म्हणूनच शेजारच्या घरांतील जुन्या संचापुढें “आउट!” अशी आरोळी उठते, तेव्हां मोबाइलधारकाच्या पडद्यावर गोलंदाज अजून धांवतच असतो. दवंडी टपालाच्या आधीं पोंचते, ह्याचें एवढें सोपें उदाहरण दुसरें मिळणार नाहीं.

ह्या दोघांमधील स्पर्धा केवळ प्रेक्षकांसाठीं नाहीं. ती आकाशांतील जागेसाठींहि आहे. ज्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून आरपार शिरतात, त्या चित्रवाणीस जशा सोयीच्या तशाच मोबाइलसहि सोयीच्या. २०१५ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें युरोप व आफ्रिका ह्या खंडांत पूर्वीं चित्रवाणीकडे असलेला लहरींचा एक मोठा पट्टा मोबाइलसाठीं मोकळा केला. अमेरिकेंत २०१७ सालीं संपलेल्या लिलावांत चित्रवाणीकडील लहरी जवळ जवळ २००० कोटि डॉलरांस विकल्या गेल्या, आणि त्यांतले सुमारे निम्मे पैसे जागा सोडणाऱ्या स्थानकांना मिळाले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेनें ३ जून २०१९ रोजीं मनोऱ्यांवरून होणारें चित्रप्रक्षेपण साफ बंद केलें, कारण तें घेणारीं घरें फारच थोडीं उरलीं होतीं. भारतांतहि प्रसार भारतीनें आपले जुने क्षेपक, मोजकीं ठिकाणें वगळून, २०२२ च्या सुमारास बंद केले. गच्चीवरील ती काटेरी दांडी आतां कावळ्यांपुरतीच उरली आहे.

ह्या बदलाचे लाभ नाकारणें हें कृतघ्नपणाचें होईल. पूर्वीं रात्रीं नऊची मालिका नऊलाच पाहावी लागे. स्वयंपाकघरांत अडकलेल्या गृहिणीची ती चुकली तर चुकलीच. आतां ती आपल्या सवडीनें पाहते. न्यू जर्सींत किंवा लंडनमध्यें राहणाऱ्या मराठी कुटुंबास मायबोलींतील नाटक किंवा चित्रपट आपल्या दिवाणखान्यांत मिळतो. ज्याच्या विषयाला कोणतीहि वाहिनी अर्धा तास देती ना, अशा अभ्यासकास किंवा लोककलावंतास आपला श्रोता स्वतः शोधतां येतो. कमी ऐकूं येणाऱ्या वृद्धास संवाद अक्षरांत वाचतां येतात. हे लाभ थोडे नव्हेत.

परंतु जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूहि मांडली पाहिजे, आणि ती मांडतांना २०२० सालचा पावसाळा आठवावा. त्या वर्षीं महामारीमुळें शाळांना कुलपें लागलीं, आणि शिक्षण मोबाइलवरून सुरू झालें. पण ज्या घरांत मोबाइल एकच होता, तो सकाळीं बापाबरोबर कामावर जाई. तीन भावंडें असलीं तर तो तिघांत वांटावा लागे. डोंगरकपारींतल्या वाडीवर मुलें वर्गासाठीं टेंकडीच्या माथ्यावर जाऊन बसत. हातांत पाटी होती, पण फळा दिसत नव्हता. अशा वेळीं, त्याच जुलै महिन्यांत, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं मालिका सुरू झाली. घराच्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेला संच पुन्हां उघडला गेला. धाकटी, मधला आणि थोरली ओळीनें समोर बसलीं. त्यांना नांव विचारलें गेलें नाहीं, परवलीचा शब्द मागितला गेला नाहीं, आणि महिनाअखेरीस पैसेहि भरावे लागले नाहींत. टपाल जेथें पोंचलें नाहीं तेथें दवंडी पोंचली.

ह्या एका उदाहरणांत साऱ्या प्रश्नाचें मर्म आहे. बाजार नेहमीं देणाऱ्याकडे पाहतो. ज्याच्याजवळ चांगला मोबाइल, अखंड वीज आणि महिन्याचें शुल्क आहे, त्याच्या दारीं दहा सेवा हात जोडून उभ्या राहतील. ज्याच्याजवळ त्यांतलें कांहींच नाहीं, त्याच्यासाठीं कोण उभें राहणार? ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या एका खटल्यांत निर्वाळा दिला कीं, आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे व तिचा उपयोग लोकहितासाठींच व्हावयास हवा. निर्णय चित्रवाणीविषयीं होता; पण मोबाइलचें काम ज्या लहरींवर चालतें, त्याहि त्याच आकाशांतल्या होत. गांवचें गायरान खंडानें दिलें तरी पाणवठ्याची वाट कोणीं अडवूं नये, हा नियम खेड्यांतल्या निरक्षर पंचांनाहि समजत असे.

दुसरी गोष्ट भरंवशाची. शंभर वाहिन्या शंभर मनोऱ्यांवर होत्या, तोंपर्यंत एक मनोरा पडला तर एकच वाहिनी बंद पडे. आतां पुष्कळांचें बिऱ्हाड मोजक्या मेघगृहांत जाऊन बसलें आहे. २० ऑक्टोबर २०२५ रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथें अशा एका मोठ्या ठिकाणीं बिघाड झाला, तेव्हां बँका, निरोपाचीं साधनें, खेळ आणि चित्रपट दाखविणाऱ्या सेवा ह्यांतील कितीतरी एकदम अडखळल्या. पूर किंवा वादळ आलें म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्यांची वीज कांहीं तासांत संपते, आणि नेमकी त्याच वेळीं लोकांना सूचनेची गरज अधिक असते.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दवंडी कोणीं ऐकली हें दवंडीवाल्यास ठाऊक नसे. टपालवाल्यास मात्र प्रत्येक पत्ता ठाऊक असतो. मोबाइलवर कोणीं काय पाहिलें, कोठें थांबला, काय अर्ध्यावर सोडलें, ह्याची नोंद होते, आणि तिच्या आधारें पुढचें ताट वाढलें जातें. त्यामुळें एकाच घरांतील चार माणसें चार कोपऱ्यांत चार निरनिराळीं जगें पाहत बसतात. १९८७ सालीं रविवारीं सकाळीं ‘रामायण’ लागलें म्हणजे रस्ते ओस पडत, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरींत साहेबाला व शिपायाला बोलावयास एक समान विषय असे. त्या एकसुरीपणांत दोष होते. एकच आवाज ऐकावा लागे हा तर मोठाच दोष. परंतु समाजाला एकत्र बसण्यासाठीं एखादी चावडी लागते, हेंहि तितकेंच खरें.

मग करावें काय? घड्याळाचे कांटे मागें फिरविण्याचा सल्ला कोणीहि शहाणा मनुष्य देणार नाहीं, आणि तशी गरजहि नाहीं. दोन्ही रीती एकमेकींस पूरक होऊं शकतात. २००४ सालीं सुरू झालेली दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रहसेवा आज डीडी फ्री डिश ह्या नांवानें कोट्यवधि घरांत आहे. छत्री आणि पेटी एकदां घेतली कीं महिन्याचें शुल्क नाहीं. प्रसार भारतीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें गोव्यांतील चित्रपटमहोत्सवांत ‘वेव्हज’ ही इंटरनेटवरील सेवाहि सुरू केली. इंटरनेटवांचून मोबाइलवरच थेट प्रक्षेपण घेतां यावें, असेहि प्रयोग कानपूरच्या आयआयटीच्या साहाय्यानें दिल्ली, बंगलोर इत्यादि शहरांत झाले आहेत. म्हणजे मोबाइल टपालवाल्याचा आणि आवाज दवंडीचा. मोबाइल-कंपन्यांनीं ह्या कल्पनेस विरोध दर्शविला आहे, आणि तो त्यांच्या दृष्टीनें स्वाभाविकच म्हणावा लागेल. कारण पत्राचें हंशील बुडतें. परंतु लोकहिताचा निर्णय हंशील घेणाऱ्यावर सोंपवावयाचा नसतो. ब्रिटनमध्यें मनोऱ्यांवरील प्रक्षेपण निदान २०३४ पर्यंत चालू ठेवण्याची ग्वाही सरकारनें दिली आहे, आणि त्यानंतर काय, ह्यावर तेथें आतांपासूनच उघड चर्चा चालू आहे. तशीच चर्चा येथेंहि व्हावयास हवी, आणि ती केवळ व्यापाऱ्यांच्या परिषदांत होऊन भागणार नाहीं.

सुशिक्षित शहरी कुटुंबांचें ह्या बाबतींत एक विशेष कर्तव्य आहे. नवी सोय प्रथम त्यांच्याच घरीं येते, आणि जुनी नाहींशी झाली तर त्यांना तिची उणीव भासत नाहीं. म्हणून जुन्या सोयीचा कैवार घेणारे आवाजहि त्यांच्यांतूनच उठले पाहिजेत. आपल्या हातांत उत्तम मोबाइल असतांना, ज्याच्या हातांत तो नाहीं अशा पोराचा वर्ग आठवणें, हीच खरी शिक्षणाची कसोटी होय.

टपाल आलें म्हणून गांवानें दवंडी लगेच मोडली नाहीं. पत्रें घरोघर येऊं लागलीं, तरी पूर येणार असला, देवी टोंचण्यासाठीं डॉक्टर यावयाचा असला, कीं डफ वाजेच. ज्या बातमीवर सर्वांचा सारखाच हक्क आहे, ती सर्वांना सारखीच ऐकूं आली पाहिजे, एवढें शहाणपण त्या गांवाजवळ होतें. यंत्रें बदलतील, मेघ येतील आणि जातील. तें शहाणपण मात्र भाड्यानें मिळत नाहीं.